हान्कोलाची मूक संमती

हान्कोला, मिशिगन
१४ एप्रिल २०१९

चि. रेइनो यास,
अ. उ. आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र पोचलं. माझा गुडघा आहे तसाच आहे. डॉक्टर म्हणतो चाला, आणि बाहेर अजून ढोपरभर बर्फ. चालू कुठे, त्याच्या डोक्यावर?

जुन्या शाळेत बारा घरं करायची म्हणून आमच्या गृहसंस्थेनं तुमच्या फाउंडेशनकडे कर्ज मागितलंय, ते तुला समितीत बसून कळलंच असेल. बँकेचं व्याज धरलं तर भाडं एवढं होतं की ती घरं पुन्हा सुट्टीला येणारे शिकागोवालेच घेणार. तुमच्या एक टक्क्यानं मिळालं तर दवाखान्यातल्या आया आणि बस चालवणारी माणसं गावात राहू शकतील. शेवटी त्या निधीतही आपल्याच लोकांनी मरताना ठेवलेले पैसे आहेत.

रमोनाचं तुला ठाऊक आहे. आपला कल्ले गेल्यापासून सून आणि नात भाड्यानं राहतात. आता घरमालक डिसेंबरपासून ते घर सुट्टीच्या पाहुण्यांना देणार. माझ्याकडे ठेवावं, तर म्हाताऱ्यांच्या या इमारतीत पाहुणा दोन आठवड्यांवर राहिला की दाराखालून चिठ्ठी येते. मेमध्ये कर्ज मंजूर झालं तर तळमजल्याची चार घरं थंडीआधी उभी राहतात, आणि रमोनाचा अर्ज त्यांत आहे. नाहीतर ती कायसाला घेऊन ॲरिझोनाला आईकडे जाईल. नऊ वर्षांची नात इतकी लांब गेली तर मला ती पुन्हा किती वेळा दिसेल, तूच सांग.

गुरुवारी तुमची माणसं गावाचं मत ऐकायला येणार आहेत. लेम्पी वेलचीचा पाव करते आहे. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली, पण सवय सुटत नाही. तू आलास तर बरं वाटेल. प्रकृतीस जप आणि या म्हातारीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आउनेअक्का


पोर्ट एलरी
१० मे

ती. आउनेअक्कास,
सा. न. वि. वि.

बातमी चांगली नाही, म्हणून आधी तीच लिहितो. तुमचा अर्ज समितीनं पुढे ढकलला. नामंजूर नाही, पण मे महिना हातचा गेला.

कारण ऐकून मी कपाळाला हात लावला. अध्यक्षीणबाई म्हणाल्या की गावात उत्साहच दिसला नाही. साठ माणसं आली, कॉफी प्याली, पाव संपवला आणि कुणी तोंड उघडलं नाही. बोलला तो एकटा उर्हो, आणि तोही गाड्या लावायला जागा पुरणार नाही म्हणून. म्हणजे एक विरोधात आणि बाजूनं कुणी नाही, असा त्यांनी हिशेब केला.

तू म्हणशील, तू काय करत होतास? मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. तू संस्थेची सचिव आणि रमोना अर्जदार, म्हणून तुमचा विषय निघाला की मला खोली सोडावी लागते. गावच्या सभेलाही मी त्याच कारणानं आलो नाही. आत दहा जण होते आणि हान्कोलाची माणसं पटलं की गप्प बसतात, हे त्यांच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. मला मत देता येत नसलं तरी एवढं तर मी आधी सांगू शकलो असतो. मला सुचलंच नाही. मलाही ते इतकं उघडच वाटत होतं.

जूनमध्ये पुन्हा सभा घ्यायला त्या तयार आहेत. अक्का, या वेळी लोकांना उभं राहून बोलावं लागेल. मान हलवून भागणार नाही. रागावली असशील तर पत्रातून रागव, पण अबोला धरू नकोस.

तुझा,
रेइनो


हान्कोला
२३ जून

चि. रेइनो यास,
अ. उ. आशीर्वाद वि. वि.

रागावले होते. आता तेवढीही ताकद उरली नाही.

सभा झाली. मी घरोघरी जाऊन सांगितलं की बाबांनो, तोंड उघडा. आमच्या संस्थेतला वाइनोच म्हणाला की माझी हरकत नाही, हे तर मी मागच्याच वेळी दाखवलं, आता आणखी काय करू? त्याला समजावता समजावता माझी कॉफी गार झाली.

तरी आले सगळे. लेम्पी पहिल्यांदा उठली. म्हणाली की तीस वर्षं मी या इमारतीत मुलांना जेवू घातलं, पुढे मुलंच उरली नाहीत, कारण आईबापांना राहायला जागा नाही. मग एकामागून एक चौदा पुरुष उठले आणि प्रत्येक जण मलाही तसंच वाटतं एवढंच म्हणून टोपी चुरगळत खाली बसला. उर्हो म्हणाला की गाड्यांची अडचण होणारच आहे, पण घरं करा. शेवटी मी उठले. माझ्या मते मी फार बोलले. तुमच्या अध्यक्षीणबाई डोळे पुसत होत्या. त्यांना बहुधा आम्ही क्रांती केली असं वाटलं. सभेनंतर आठवडाभर गावात कुणी कुणाशी बोललं नाही, इतकी माणसं दमली.

निकाल लवकर कळव. आणि तुझ्या बाकावर उशी घेऊन बस. वय झालं तुझं.

तुझी,
आउनेअक्का


पोर्ट एलरी
३० जुलै

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

कर्ज मंजूर. एक टक्का, वीस वर्षं, मागितलं तेवढं सगळं. लेम्पीला सांग.

ठेकेदाराचं मात्र मला भीती होती तेच झालं. मेमध्ये काम मिळालं नाही म्हणून त्यानं दुसरं घेतलं. तो आता बर्फ वितळल्यावरच येणार, म्हणजे घरं पुढच्या उन्हाळ्यात. रमोनाचं काय ठरलं? मी विचारू नये खरं तर, पण मामेसासराच आहे मी तिचा.

तुझा,
रेइनो


टूसान, ॲरिझोना
१५ सप्टेंबर

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. कायसाची शाळा सुरू झाली. मला इथल्या दवाखान्यात काम मिळालं, पगार बरा आहे. उकाड्यानं जीव नकोसा होतो.

लेम्पीबाईंचं पत्र आलं. त्या सभेच्या दिवशी मी रात्रपाळीवर होते, म्हणून मला ठाऊक नव्हतं. त्यांनी लिहिलंय की गावाला तरुण माणसं हवीत, ती गेली तर गाव मरेल, असं तुम्ही सगळ्यांपुढे उभं राहून सांगितलंत. वाचून मला आनंद झाला आणि थोडं लागलंही. ऑगस्टमध्ये तुम्ही माझं सामान बांधायला आलात. एकेक कप कागदात गुंडाळलात, वाटेसाठी डबा दिलात आणि गाडी सावकाश चालव म्हणालात. तेवढंच. मी दारात बराच वेळ उभी होते. मला वाटलं, कल्लेच नाही तर आमचं तुम्हाला ओझंच होत असेल, आणि आता ते उतरलं.

तक्रार नाही. आठ वर्षं तिथे राहूनही तुमचं न बोलणं मला वाचता आलं नाही, एवढंच.

कायसाचा पापा. तुमची माया असू द्यावी.

आपली,
रमोना


हान्कोला
२२ सप्टेंबर

चि. रमोना हिस,
अनेक आशीर्वाद.

कप मी तसे बांधले, कारण एकही फुटू नये. मला वाटलं, तुला त्यातच कळेल. आमच्यात ते कळतं. तू आमच्यातली नाहीस, हे मी इतक्या वर्षांत विसरूनच गेले होते.

घराचं खरं ते सांगते. बारा घरं पुढच्या जुलैत होतील. चिठ्ठ्या टाकून वाटणार आहेत आणि तुझी निघेल असं मी म्हणू शकत नाही. तुला परत यायला गळ घालावी असं माझ्याकडे काहीच नाही. सचिवानं अर्जदाराला असं पत्र लिहायचं नाही, असाही नियम आहे. म्हणून आज सकाळी राजीनामा देऊन आले. वाइनोनं कारण विचारलं नाही. कागद घेतला आणि मला घरापर्यंत सोडलं.

तुझं तिथे बरं चाललं असेल तर तसं लिही. मी मनाला लावून घेणार नाही, आणि घेतलं तरी सांगेन.

तुम्ही जाऊ नये असं मला वाटत होतं. तू आणि कायसा मला इथे हव्या आहात. घर मिळो न मिळो, परत ये.

तुझी सासू,
आउने