नाजियाच्या आवाजाची व्यवस्था

मी, नाजिया शेख अल्ताफ, वय शेहेचाळीस, धंदा ऑटोवरच्या भोंग्यातून अलाउन्स करण्याचा, राहणार मानोरा, जिल्हा वाशिम, आज पूर्ण शुद्धीवर आहे, कोणी डोक्यावर उभं राहून लिहून घेत नाही, आणि माझ्यामागे कटकट नको म्हणून हे मृत्युपत्र लिहून ठेवते.

पहिल्याच ओळीला गाडं अडलं. तहसीलसमोर बसणारे दस्तलेखक जानराव म्हणाले, "नुसतं 'लिहून ठेवणार' टाकू ना. कायद्याचा शब्द हाये. त्यात बाईबी बसते, मानूसबी बसते. कोनाले बोट दाखवाले जागा नाही."

शब्द चांगला आहे. लहानपणी मिळाला असता तर मी त्यात पाय पसरून राहिले असते. पण 'लिहितो' आणि 'लिहिते' यांच्यात जन्मभर ओढाताण झाली. घरात अम्मीशी हिंदी, तिथंही तेच, 'जाता' की 'जाती'. तेव्हा कायद्याला लागेल तिथं 'लिहून ठेवणार' असू द्या, बाकी सगळीकडे 'ते'. जानरावांनी मान हलवली आणि नवीन कागद लावला.

आजाराचं नाव लिहीत नाही, ते अकोल्याच्या डॉक्टरांच्या कागदावर आहे. ते ऐकून मी बाहेर आले आणि टपरीवर चहा प्यायले. चहा फार गोड होता, एवढंच आठवतं. तेव्हापासून मनात फारसं काही हलत नाही. वाचणाऱ्यानं हे मजकुरातच धरावं, मी कठोर आहे असं समजू नये.

घर. दिग्रस रस्त्यावरच्या माझ्या दोन खोल्या स्वकष्टाच्या आहेत. त्या गंगूला द्याव्यात. गंगू इंझोरीची, माझ्यासारखीच. साडी नेसून घरी गेली तेव्हा बापानं कुत्रं सोडलं, तेव्हापासून माझ्याकडे राहते. स्वयंपाक वाईट करते, पण मी उलटी करते तेव्हा कपाळ धरते. जानराव म्हणतात, आमच्या शरीयतीप्रमाणे एक तृतीयांशाच्या वर द्यायचं तर वारसाची हरकत नसावी लागते. वारस एकच, माझा थोरला भाऊ सादिक, बाजारात कुलपं दुरुस्त करतो. सादिक, घर गंगूचं असू दे. दाराचं कुलूप तुझ्याच दुकानातलं आहे. गंगू आणायला आली होती, तू तिला चांगलं दिलंस, कारण ती कोण हे तुला माहीत नव्हतं.

सामान. दोन्ही भोंगे, अ‍ॅम्प्लिफायर, बॅटरी आणि माइक फुलचंद राठोडला. ऑटो त्याचाच आहे. माइकवर थाप मारू नये, फुंकर मारू नये, 'हॅलो हॅलो' करू नये. सरळ बोलायला लागावं. फुलचंद हे ऐकत नाही, पण लिहिलेलं असलेलं बरं.

आता आवाज.

माझा आवाज जाड आहे आणि लांब जातो. साड्यांचे सेल, हरवलेली पोरं, लसीकरण, मयती, सगळ्या पक्षांचा प्रचार, या भागानं हे सगळं माझ्या तोंडून ऐकलं आहे. मयतीत मी कधी चूक केली नाही. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वारले की वारल्या, हे घरच्यांना दोनदा विचारून मगच माइक हातात घेते. मेलेल्या माणसाला दुरुस्ती करता येत नाही.

एवढं असून अम्मी गेली तेव्हा सादिकनं दिग्रसहून दुसरा भोंगा आणला. 'सादिक व अमान यांच्या मातोश्री.' अमान हे माझं जन्माचं नाव. मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून ऐकलं. अम्मी वारली आणि अमानला उठवून बसवलं. नंतर विचारलं तर सादिक म्हणाला, "लोकाइले काय सांगू मी? भाऊ म्हनू का बहीन म्हनू? एक दिवस तं चूप राह्य." ते दुखलं, हे मी इथं पहिल्यांदा कबूल करते.

पुढं शहरातल्या एका कंपनीचं अ‍ॅप आलं. मशीनला वऱ्हाडी शिकवायची म्हणून आपल्या बोलीतली वाक्यं बोलून पाठवायची. त्यात स्त्री आणि पुरुष असे दोनच गोल होते. मी स्त्रीवर बोट ठेवलं आणि संध्याकाळभर बोलत बसले. सगळी वाक्यं परत आली. आवाज आणि माहिती जुळत नाही, असा शेरा. म्हणजे मी मशीनला ऐकू आले, पण पटले नाही. गंगू हसली, मीही हसले. मशीनला आमच्या गल्लीतच कोणीतरी वाढवलं असणार.

मग आमच्या वॉर्डाची जागा रिकामी झाली आणि पोटनिवडणूक लागली. जागा स्त्रियांसाठी राखीव होती. मी अर्ज भरला. जगदेव म्हणून विरोधी उमेदवार ताईंचा माणूस आहे, त्याचे मागचे तीन प्रचार माझ्याच आवाजावर झाले होते. त्यानं छाननीत हरकत घेतली, ही बाई नाही. मी कलेक्टरच्या सहीचं ओळखपत्र दाखवलं आणि अर्ज राहिला. नळाला पाणी आणि आमच्यासारख्यांनाही आत पाऊल ठेवता येईल असा दवाखाना, एवढंच मी मागत होते. बाया ऐकायला ओट्यावर येत होत्या.

मतदानाच्या आदल्या दिवशी जगदेवचा ऑटो फिरला. भोंग्यात मी होते. जुन्या रेकॉर्डिंगवरून कॉम्प्युटरनं माझा आवाज बनवला होता, माझ्या दम घेण्यासकट. 'मी तुमची नाजिया. मी माघार घेतो. माझं मत ताईंना.' आवाज माझा आणि 'घेतो' त्यांचा. 'तुमची' लिहायचं भान राहिलं, क्रियापदाशी मनातलं बाहेर पडलं. फुलचंद म्हणाला, "तू काहून बसली? चाल ना, आपन बी फिरवू." प्रचाराची वेळ संपली होती. तक्रार दिली, ती चौकशीत आहे, जागा मात्र गेली. बायांनी मला दुसऱ्या दिवशी विचारलं, "तूच तं म्हनली होती, मंग रडतं काहून?" मी रडत नव्हते. मला राग यायला हवा होता. तो अजून आलेला नाही.

म्हणून लिहून ठेवते की, माझ्या मरणानंतर माझा आवाज कोणत्याही पक्षानं, कंपनीनं, दुकानदारानं किंवा मशीननं वापरू नये, त्यापासून नवा आवाज बनवू नये. सगळी रेकॉर्डिंग गंगूनं पुसून टाकावीत. फक्त एक ठेवावं. ते पेन ड्राइव्हमध्ये फुलचंदकडे आहे. मी गेले की त्यानं ते गावभर वाजवावं, सादिकच्या दुकानासमोर ऑटो हळू करावा. मजकूर असा:

"मानोऱ्याच्या लोकाइनो, मी नाजिया बोलून राह्यली. आज अलाउन्स माह्याच मयतीचा हाये. मी वारली. साड्याइच्या सेलले येत होते तसे कबरस्तानात या. अन् कोनी अमान वारला म्हनत असन, तं तो दुसरा कोनी असन. मले त्याची काही खबर नाही."

साक्षीदार दोन लागतात. एक जानराव. दुसऱ्या जागी सादिकनं सही करावी अशी इच्छा आहे. त्यानं साक्ष घातली की उद्या गंगूला घराबाहेर काढणं त्याला जड जाईल, आणि दुसरंही एक कारण आहे. फुलचंदच्या हाती निरोप पाठवला आहे. जागा मोकळी ठेवते. नातं काय ते सादिकनं आपल्या हातानं लिहावं, जानरावांनी सांगू नये. नाही आला तर समोरचा चहावाला सही करील.

ठिकाण : मानोरा, जि. वाशिम
दिनांक : १९ जानेवारी २०२६

लिहून ठेवणार : नाजिया शेख अल्ताफ (सही)

साक्षीदार :

१. जानराव किसन ठाकरे, दस्तलेखक (सही)

२. सादिक शेख अल्ताफ, धंदा कुलूप दुरुस्ती (सही)
नातं : लिहून ठेवणारीचा भाऊ

टीप : साक्षीदार क्रमांक दोन यांनी वरील 'ठेवणारचा'मधल्या 'र'ला वेलांटी सही झाल्यावर परत येऊन, स्वतःच्या हातानं दिली आहे. ही खाडाखोड समजू नये. — जानराव