मागची सीट नसलेली गाडी

लालबाग, रविवार सकाळ

प्रिय सिद्धार्थ,

फोनवर तू मध्येच बोलतोस आणि माझं निम्मं म्हणणं घशातच राहतं, म्हणून आज कागद-पेन घेऊन बसलेय. लिहून झालं की फोटो काढून पाठवीन. टोरांटोत आता तुझी झोपायची वेळ झाली असेल, तेव्हा उद्या चहा घेताना वाच. तू सांगितलेलं काम मी केलं की नाही, हे शेवटपर्यंत ताणत नाही. नाही केलं. काल तुझ्या आईने, आमच्या नलूकाकूंनी, सदुसष्टाव्या वर्षी, दोन सीटची, छप्पर उघडणारी स्पोर्ट्स कार घेतली. आणि ती घ्यायला हरकत नाही हे त्यांना मीच सांगितलं. आता रागावून फोन उलटा ठेवू नकोस. पुढे वाच.

तुझा फोन आला तेव्हा मी कोणाच्या तरी जुन्या गाडीखाली आडवी होते, हातात टॉर्च होता. तू म्हणालास, ‘‘रुपाली, आई तुझं ऐकते. तिने बघून ठेवलेल्या दोन्ही गाड्यांत काहीतरी खोट काढ. इंजिन म्हण, गिअरबॉक्स म्हण, तिला काय कळणार आहे.’’ मी काहीच बोलले नाही, ते तू होकार समजलास. खरं तर मी विचार करत होते की याला माझं काम कळलंच नाही. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. ती घेऊन मी वापरलेल्या गाड्या तपासायच्या कंपनीत लागले, तेव्हा चाळीत लोक आईला विचारायचे की पोरगी एवढं शिकली ती दुसऱ्यांच्या गाड्यांखाली झोपायला का? आईने कोणाला उत्तर दिलं नाही. मीच स्वतःला एक उत्तर देऊन ठेवलंय. गाडी विकणारा तिची स्तुती करणार, घेणारा तिच्या प्रेमात असणार, त्या दोघांच्या मध्ये खरं सांगणारं एक माणूस लागतं. ते माणूस मी. चांगल्या गाडीला मी एकदा वाईट म्हटलं, मग भले ते कोणाच्या मायेपोटी का असेना, की माझ्याकडे काय उरलं? टॉर्च.

नलूकाकूंना ही गाडी का हवी होती, हे तू त्यांना विचारलंस का रे? मी विचारलं. ठाकूरद्वारच्या तुमच्या दिवाणखान्यात, जिथे मी इंजिनिअरिंगची चार वर्षं तुझ्याबरोबर अभ्यास केला, त्याच टेबलावर त्यांनी दोन फोटो मांडून ठेवले होते, एक लाल आणि एक निळी. चाळीस वर्षं कोर्टात वकिली केलेली बाई. मला वाटलं, आता युक्तिवाद ऐकायला मिळणार. त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘लग्नानंतर मी जी गाडी चालवली, तिच्यात मागे कोणीतरी होतंच. आधी सासूबाई, मग सिद्धू, मग सिद्धूचे क्लासचे मित्र, गणपतीत गावाहून आलेले पाहुणे, आणि शेवटी पाठदुखीमुळे मागे पाय लांब करून बसणारे अच्युत. आणि प्रत्येकजण म्हणायचा, हळू, नलू, हळू. मला आता मागची सीटच नसलेली गाडी हवी.’’ मी हसले. त्या हसल्या नाहीत. अच्युतकाका गेल्यावर तू घरातली गाडी विकायला लावलीस, तेव्हापासून त्या टॅक्सीने फिरतात. टॅक्सीवाला गल्लीत चुकीच्या बाजूने वळला की त्यांचा उजवा पाय नकळत दाबला जातो, ब्रेक मारल्यासारखा. मी शेजारी बसून पाहिलंय.

आधी लाल गाडी बघायला गेलो. दादरजवळच्या एका विक्रेत्याकडे होती. काचेची मोठी शोरूम, आत थंडगार एसी, आणि राजेश नावाचा एक भलताच गोड बोलणारा माणूस. काकूंनी नेहमीची कॉटनची साडी नेसली होती आणि वर नवा काळा गॉगल. राजेश मलाच विचारायला लागला, ‘‘मॅडम, आजींना घेऊन आलात का शुभ मुहूर्ताला?’’ काकू म्हणाल्या, ‘‘आजी कोण? ग्राहक मी आहे. ही माझी तज्ज्ञ साक्षीदार.’’ तो म्हणाला, ‘‘सॉरी काकू.’’ ‘‘काकू ही म्हणते. तुम्ही मॅडम म्हणा.’’ त्यानंतर त्याने प्रत्येक वाक्यात दोनदा मॅडम म्हटलं. पण गाडी होती देखणी, त्यात वाद नाही. बटण दाबलं की अख्खं छप्पर उचललं जाऊन मागच्या डिकीत घडी होऊन बसायचं. काकू आत बसल्या आणि छप्पर उघडत गेलं तेव्हा त्यांनी मान वर करून पाहिलं. वर आकाश नव्हतं, शोरूमचे दिवे होते, पण त्यांचा चेहरा असा झाला होता की मी वळून दुसरीकडे बघितलं. मला त्या क्षणी ती गाडी चांगली निघावी असं फार वाटलं. तुला जे हवं होतं त्याच्या अगदी उलट.

पण आत मोगऱ्याचा वास होता. साधा नाही, देवळासारखा घमघमाट. तुला ठाऊक आहे, माझी आई हिंदमाताला साड्यांच्या दुकानात काम करते. पावसाळ्यात तिथे पाणी भरतं, दुकानात शिरतं, खालच्या फळीवरचा माल भिजतो. ओसरल्यावर शेठ आठवडाभर धूप आणि उदबत्त्या जाळतो, कारण गाळाचा वास कशानेच जात नाही, फक्त दुसऱ्या वासाखाली लपतो. भिजलेल्या साड्या धुऊन, इस्त्री करून स्वस्तात निघतात. परळ-लालबागच्या बायका त्या घेतात, पण घेण्याआधी साडी पूर्ण उघडायला लावतात. पदर दाखवून भागत नाही. निऱ्यांचं टोक, अगदी घडीच्या पोटातलं, तिथे पाण्याची एक पिवळट रेघ राहून जाते. आई दुकानात नोकरीला असूनही कोणी न सांगता साडी टोकापर्यंत उघडून दाखवते, म्हणून बायका तिच्याचकडे येतात आणि शेठ तिच्यावर कुरकुरतो. मला लहानपणी ती म्हणायची, वरच्या घडीला इस्त्री कोणीही करतं, बाय.

मी लाल गाडीचा सीटबेल्ट धरला आणि ओढत गेले. माणूस बसल्यावर लागतो तेवढा नाही, अगदी शेवटपर्यंत, रिळात एरवी गुंडाळलेला राहतो तो भागही. तिथे होती. पट्ट्याच्या आडवी, बोटभर रुंद, पिवळट रेघ. त्या गाडीने कुठल्यातरी पावसात सीटच्या वरपर्यंत पाणी पाहिलं होतं. मग सीटखाली हात घातला तर रुळांना गंज, गालिच्याखाली बारीक गाळ. मी काही बोलायच्या आत काकूंनी गॉगल काढला, पट्टा माझ्या हातातून घेतला, राजेशच्या नाकासमोर धरला आणि विचारलं, ‘‘हे काय आहे?’’ तो म्हणाला, ‘‘मॅडम, ते सर्व्हिसिंगवाल्यांचा हात लागला असेल, मॅडम.’’ काकू म्हणाल्या, ‘‘असा सरळ हात? मग त्यांना रांगोळीला बोलवा.’’ आणि पर्स उचलून बाहेर पडल्या.

टॅक्सीत मी त्यांना आई साड्यांत ती रेघ कशी शोधते ते सांगितलं. त्या मात्र म्हणाल्या, ‘‘ते छप्पर किती छान उघडत होतं नाही?’’ सिद्धार्थ, तेव्हा तुझं काम किती सोपं झालं होतं बघ. लाल गाडी खरोखरच वाईट निघाली होती, त्यांचं मन उतरलं होतं. निळीबद्दल मी नुसती मान हलवली असती तरी विषय संपला असता. तू पुन्हा फोन केलास, मी लालचं सांगितलं, तू म्हणालास, ‘‘ग्रेट, आता दुसरीचंही तसंच कर.’’ मग फोन ठेवताना तू नेहमीसारखा थांबलास, मी काहीतरी म्हणेन म्हणून. मी फोन ठेवून दिला.

निळी गाडी परळच्या एका टॉवरमध्ये, जिथे आधी गिरणी होती. मालक ध्रुव नावाचा तरुण. त्याला मुलगी झालीय, आणि दोन सीटच्या गाडीत तिघं बसत नाहीत, हे एवढंच विकायचं कारण. त्याची बायको बाळाला खांद्यावर घेऊन खाली आली होती आणि नवऱ्याकडे बघून म्हणत होती, ‘‘रडू नकोस हं आता. एक रडतंय ते पुरे आहे.’’ ही गाडी लालइतकी देखणी नाही. छप्पर कापडाचं, हाताने मागे टाकावं लागतं, एका कोपऱ्यात शिवण उसवलेली. मागची खिडकी धुरकटलीय. इंजिनाखाली तेलाचा थोडा ओशटपणा आहे, टायर बदलायला झालेत. मी सगळं तपासलं, बेल्ट टोकापर्यंत ओढला, गालिचे उचलले, आणि तिला पाणी कधीच लागलेलं नव्हतं. काकू हाताची घडी घालून उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘‘हं, साक्ष दे. खरं सांग. माझ्या बाजूनेही बोलू नकोस आणि माझ्या मुलाच्या बाजूनेही.’’ म्हणजे त्यांना कळलेलं होतं. तू मला फोन करणार हे त्यांना माझ्याआधीच ठाऊक होतं. मी शिवण सांगितली, खिडकी सांगितली, तेल सांगितलं, टायर सांगितले. मग म्हटलं, काकू, हिच्यात लपवलेलं काही नाही. आतून सरळ गाडी आहे, घ्या. त्या उसवलेल्या शिवणीवर बोट फिरवत म्हणाल्या, ‘‘एवढं तर माझंही उसवलंय.’’

पुढचं तू बघायला हवं होतंस. काल ताबा मिळाला. गिअरची गाडी आहे, आणि परळच्या फाटकातून बाहेर पडताना पहिल्यांदा ती खाडकन बंद पडली. वॉचमन पुढे आला, म्हणाला, ‘‘ड्रायव्हरला बोलवू का?’’ काकू म्हणाल्या, ‘‘आलेली आहे.’’ आणि त्यानंतर ती एकदाही बंद पडली नाही. छप्पर मागे, काकूंचा अंबाडा सुटून केस उडताहेत, दुसरा, तिसरा, लोण्यातून सुरी फिरावी तसे गिअर पडताहेत. सिग्नलला शेजारच्या बसमधला कंडक्टर खिडकीतून वाकून म्हणाला, ‘‘मावशी, जागा आहे काय?’’ ‘‘एकच होती, गेली,’’ काकू म्हणाल्या, आणि हिरवा दिवा लागताच त्याच्या पुढे.

हिंदमाताला आईच्या दुकानासमोर त्यांनी गाडी थांबवली. माझ्या मनात नव्हतं, त्यांनीच ठरवलेलं. आई बाहेर आली, बरोबरच्या बायका आल्या, शेठही आला. आईने दुकानातल्या देव्हाऱ्यातलं कुंकू आणून गाडीच्या नाकावर लावलं आणि माझ्याकडे बघून हळूच विचारलं, ‘‘तू बघितलंस ना नीट?’’ मी मान हलवली. काकू मला म्हणाल्या, ‘‘उतर.’’ मला वाटलं काही बिघडलं. तर त्या आईला म्हणाल्या, ‘‘या, बसा. तुमच्यामुळे लाल गाडीतून वाचले मी.’’ आई नको नको म्हणत, साडी सावरत बसली, आणि मी फूटपाथवर राहिले. त्या दोघी पुलावरून दिसेनाशा झाल्या. दुकानातल्या एका बाईने मला विचारलं, ‘‘ही गाडी तू पास केलीस?’’ मी हो म्हटलं. ती बाकीच्यांना म्हणाली, ‘‘आपल्या पोरीने पास केलीय.’’ सिद्धार्थ, पदवीदान समारंभाला मी काळा झगा घातला होता, आठवतं? तेव्हासुद्धा मला असं वाटलं नव्हतं. फेरी मारून आल्यावर आईचे डोळे वाऱ्याने लाल झाले होते आणि ती शेठला सांगत होती की उद्या मी अर्धा तास उशिरा येणार, आम्ही चौपाटीला जाणार आहोत.

आता हे पत्र कशासाठी, ते. संध्याकाळी ठाकूरद्वारला वाडीत गाडी लावल्यावर काकू उतरल्याच नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाल्या, ‘‘मी तिकडे कायमची राहायला येत नाही, हे सिद्धूला तू सांग. मी सांगितलं तर तो रडेल, आणि तो रडला की मी जाईन.’’ तेव्हा मी सांगतेय. तुझी भीती गाडीची नव्हती, हे आम्हा दोघींना कळत होतं. इथे मनासारखं काही मिळालं की त्या निघणार नाहीत, ही होती. तू त्यांच्यावर माया करतोस म्हणूनच ती होती, हेही कळतं. त्या उन्हाळ्यात येतील, तुझ्याकडे महिनाभर राहतील, परतीचं तिकीट आधी काढून. आणि गेल्या दिवाळीत तू मला लग्न करून तिकडे येशील का म्हणून जे विचारलंस, त्याला मी आधी काकूंचं ठरू दे असं म्हणाले होते. त्यांचं ठरलं, माझंही ठरलंय. मीही येत नाही. पुढच्या महिन्यात नोकरी सोडून मी स्वतःच्या नावाने गाड्या तपासायचं काम सुरू करतेय, आणि काल फूटपाथवर उभी असताना मला पक्कं कळलं की ते मला इथेच, या माणसांत करायचंय. तुझ्यावरचं प्रेम कमी झालं म्हणून हे लिहीत नाही. झालं असतं तर दोन ओळींत संपवलं असतं. तुला यायचं असेल तर राहायला ये, सिद्धार्थ. आम्हाला न्यायला येऊ नकोस.

हे सगळं सांगूनही तुझीच,
रुपाली