जपानी बागेतून परत आल्यावर

बॉथेल, १४ ऑक्टोबर

ती. माईस,
दुरूनच तुझ्या पाया पडते.

आम्ही ठीक आहोत. यांना भूक चांगली लागते, बीपीही नॉर्मल आहे. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढतेस का अजून?

रविवारी यांना सिएटलची जुनी जपानी बाग दाखवायला नेलं. मेपल लालभडक झालेत. तळ्याकाठी हे खुशीत होते, माशांना हाका मारत होते. मी बाटली भरायला गेले, तेवढ्यात दिसेनासे झाले.

दीड तास शोधलं. शेवटी मागच्या फाटकाशी बाकावर सापडले. गार्ड शेजारी उभा होता. एका पायात बूट नव्हता. मला पाहून उठले आणि अगदी अदबीनं म्हणाले, "बाई, माझी मिसेस इथंच कुठंतरी आहे. शालन नाव तिचं. जरा शोधून द्याल?"

"अहो, मीच शालन."

तर हसले. "नाही हो, ती तरुण आहे."

मग मी म्हटलं, "चला, दोघं मिळून शोधू." तेव्हा कुठे गाडीत बसले.

आमच्या अनयाला, लेकीला, कळवलेलं नाही. ती लगेच यांना वृद्धांच्या होममध्ये ठेवायचं म्हणेल. पण माई, मला एकटीला आता हे झेपत नाही. रोज सकाळी विचारतात, "सापडली का ती?"

तुझा गुडघा माहीत असून कुठल्या तोंडानं सांगू? तरी ये. तुझा व्हिसा आहे अजून. महिनाभर राहा, काही करू नकोस, फक्त मला नावानं हाक मार.

तुझीच,
शालन