वय वर्षे त्रेचाळीस

४ मार्च, सोमवार
ठरलं. दिवस राहत नाहीत म्हणून डॉक्टरीणबाईंनी दोन तपासण्या लिहून दिल्यात. एक रक्ताची, अंडी किती शिल्लक आहेत ते कळायला. दुसरी एक्स-रेची, नळ्या मोकळ्या आहेत का ते पाहायला. दोन्ही याच आठवड्यात उरकायच्या. घाबरायचं काय त्यात? नऊ वर्षं लॅबमध्ये लोकांचं रक्त काढतेय.

६ मार्च, सकाळी ६.५०
कुणी यायच्या आत लॅब उघडली. स्वतःच डाव्या हाताला सुई लावली. पहिल्यांदा शीर चुकली. दुसऱ्यांदाही. एसीमुळे बोटं गार पडली होती. आमच्या रिसेप्शनवालीच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून फॉर्मवर भलतंच नाव टाकलं. संशय नको म्हणून वयही बत्तीसच्या जागी त्रेचाळीस. याला डोकं लागतं.

७ मार्च
रिपोर्ट आला. शून्य पॉइंट आठ. शेजारी छापलंय, नॉर्मल. हुश्श!
नॉर्मल काय ते कॉम्प्युटर वयावरून ठरवतो, हे मला ठाऊक आहे. पेशंटना मीच समजावून सांगते. पण आकडा शेवटी आकडा. उगाच खोलात शिरायचं नाही.
संध्याकाळी रिपोर्टचा वरचा भाग दुमडून नवऱ्याला दाखवला. "म्हणजे तुझं सगळं ठीक आहे," म्हणाला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला. पुरुषांना आनंद पचवायला वेळ लागतो.

११ मार्च
एक्स-रे रद्द. सर्दी. शिवाय रक्त नॉर्मल असताना नळ्यांना कशाला त्रास?

१५ मार्च
एक्स-रेचे दिवस उलटून गेले. आता पुढच्या पाळीनंतरच. माझ्या हातात काही नाही.

२० मार्च
नवऱ्याने सिगारेट सोडली. सकाळी पळायलाही जातो. एका रिपोर्टने घरात केवढा उत्साह आलाय!
आंघोळ करताना मात्र माझे हातपाय कापतात. गीझर बिघडला असणार. दुरुस्तीवाल्याला बोलवायचं.

२५ मार्च
गीझरवाला येऊन गेला. गीझर उत्तम आहे म्हणाला.

२७ मार्च
दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेलो. नावाची भानगड मी आधीच सांगून टाकली. बाई हसल्या. मग वयावर बोट ठेवून खरं वय विचारलं. नवरा म्हणाला, बत्तीस.
बाईंचं हसू गेलं. बत्तिसाव्या वर्षी हा आकडा फार कमी आहे म्हणाल्या. वेळ दवडू नका, रक्त पुन्हा द्या, वाट बंद झालेली नाही, असंही बरंच काही. मला 'कमी'च्या पुढचं नीट ऐकूच आलं नाही.
बाहेर जिन्यात नवऱ्याला विचारलं, रागावलास का.
"तुझं ठीक म्हटल्यावर मला वाटलं, माझ्यातच काहीतरी आहे. आईलाही तसंच सांगून टाकलं."
मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता फोन कर, खरं काय ते सांग.
"राहू दे. तुला बोलत बसेल ती."
मी पुन्हा म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. भीती वाटली.