थांबू का जाऊ

३ जाने., भूगाव
सायलीने बँड सोडला. चार वर्षांनंतर ग्रुपवर दोन ओळी, शेवटी फुलाचा इमोजी. बास! तिच्या गळ्यासाठी लिहिलेली माझी गाणी आता कोण गाणार? आमची ड्रमर रश्मी म्हणते, नवी मुलगी शोध, रडत बसू नकोस. रिहे गावातला फेस्टिव्हल तोंडावर आलाय. रडले.

९ जाने.
पूनम सापडली. रिह्याचीच, घोटावड्याला कारखान्यात पॅकिंगला आहे. मशीनच्या खडखडाटात दिवसभर गाते, त्यामुळे घसा दणकट. रॉकशी संबंध शून्य. माझं गाणं तिने खालच्या पट्टीत घेतलं, शब्द जड करून. चांगलं होतं की वाईट, खरंच कळेना. घेतली.

१६ जाने.
प्रॅक्टिस. पूनम दुसरं कडवं विसरते, दरवेळी. रश्मी फार गप्प. काहीतरी शिजतंय.

२१ जाने., रिहे
फेस्टिव्हल कसला, नुसता सावळा गोंधळ. भात काढलेल्या खाचरात स्टेज. जमीन दोघा भावांची, आयोजकांनी विचारलं थोरल्याला. धाकट्याने ट्रॅक्टर आणून स्टेजसमोर आडवा घातला आणि वर बसून राहिला. आमची वेळ आधी चारची, मग सहाची, मग कुणालाच माहीत नाही.

तेवढ्यात सायली हजर, गायच्या तयारीत. रश्मीने मला न विचारता बोलावलेलं. सायलीला मिठी मारावीशी वाटली. हाकलून द्यावीशीही वाटली. पूनमने एकदाच विचारलं, "मग मी थांबू का जाऊ?"

मी गिटारच्या तारा पिळायला घेतल्या. आमचं नाव पुकारलं. चढलो चौघीही.

पहिलं कडवं पूनमचं. मध्येच जनरेटर बंद. अंधार, माझी गिटार मुकी, माइक मेलेला. पूनम गातच राहिली. ट्रॅक्टरवरचा धाकटा म्हणाला, "चालू द्या, मी लाईट मारतो." ट्रॅक्टरचे दिवे थेट आमच्या तोंडावर.

दुसऱ्या कडव्याला पूनम अडकली. सायलीने ओळ दिली, आणि मग पूनमच्या आवाजाखालून गायला लागली. सायली! चार वर्षांत कधी कुणाच्या मागे गायली नव्हती. मला दोघी हव्या होत्या, अगदी पोटातून.

२२ जाने.
सायलीचा मेसेज, बुधवारी प्रॅक्टिसला येतेय. रश्मी खूश. मला कळत नाही, काल खरंच जमलं होतं की वीज गेली म्हणून तसं वाटलं. माइक चालू असता तर सायली मागे राहिली असती?

संध्याकाळी पूनमचा व्हॉइस मेसेज. "ताई, बुधवारची शिफ्ट बदलून घेतली म्या. पर काल इचारलं त्याचं उत्तर ऱ्हायलंच."

तीनदा ऐकला. तिला अजून काही लिहिलेलं नाही.