न बोललेला नवस

२२ सप्टेंबर, सोमवार. घट बसले.

चप्पल घाला, चप्पल घाला, सांगून माझं तोंड दुखलं. हे अनवाणीच गेले दुधाला. नवरात्रात पायाला चप्पल लावायची नाही म्हणे. बरं, तेवढ्यावर भागतंय का. पुढे कोजागिरीला रामकुंडाचं पाणी कावडीत घेऊन सप्तशृंगीच्या गडावर चालत जायचं, तेही अनवाणी. साठ किलोमीटर. वय साठ, शुगर तीनशे. तळपाय इतके बधिर की मागे गरम इस्त्री टेकली तरी यांना कळली नाही. वास मला आला.

हे सगळं कशासाठी, तर नवस फेडायला. माझा नवस. जो मी बोललेच नव्हते.

गेल्या वर्षी हे आयसीयूत होते. दवाखान्याच्या जिन्याखाली देवीचा फोटो, तिथे हात जोडले. माझ्या आत काहीच झालं नाही. बटण दाबावं आणि बल्ब लागू नये तसं. तेव्हापासून माझ्यासाठी फोटो म्हणजे फोटो. वर आले तर हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. औषध नको, पेज नको. म्हणून सांगितलं, देवीला नवस बोललेय, बरे झालात की अनवाणी कावड घेऊन याल. लगेच वाटीभर पेज प्याले.

एवढीशी गोष्ट. रविवारी सांगून टाकते. माझा शब्द हे टाळत नाहीत.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आरती मी सगळ्यांत मोठ्यानं म्हणते. शंका नको कुणाला. शेजारच्या लताबाई म्हणाल्या, तुमच्यासारखी श्रद्धा आमच्यात नाही हो. मी मान हलवली. यांना तर काडीचा पत्ता नाही. चौथी शिकलेल्या बाईला ॲक्टिंग येत नाही असं कोण म्हणतं.

२८ सप्टेंबर, रविवार. दुपारी ४

नाही सांगितलं. सकाळी पाहुणे आले. मग हे खुशीत होते, घडीभर तरी खुशीत राहू दे म्हटलं.

आत्ता फरशी पुसताना दारापासून देवघरापर्यंत लाल डाग दिसले. वाटलं कुंकू सांडलं. यांच्या पायाच्या अंगठ्याखाली काच होती. सकाळपासून तिच्यावरच चालत होते. मी चिमट्यानं काढली तर हे पेपर वाचत बसलेले. झालं का, म्हणाले.

हळद भरली. उद्यापर्यंत सुकेल. दसऱ्याला नक्की सांगते. चांगला दिवस आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

तोंड उघडणार तेवढ्यात यांनीच हातावर आपट्याची पानं ठेवली. म्हणाले, अगं, माझं मला काही नाही. पण देवीजवळ शब्द तुझा आहे. नाही फेडला तर लागायचं ते तुला लागेल. मी असताना तुला लागू देतो होय.

मी उठून ताट घेतलं. पुरणपोळी वाढली.

जखम सुकली नाही. कडा पांढऱ्या झाल्यात. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणाले, कोजागिरी झाली की. मी जास्त ताणलं नाही. ताणलं की यांना संशय येतो.

४ ऑक्टोबर, शनिवार. पहाट

हे निघाले. कावडवाल्यांचा पुढारी गोरक्ष, त्याला बाजूला घेतलं. भाऊ, यांना टेम्पोत बसव, कुणाला कळणार नाही, म्हटलं. तो म्हणतो, वहिनी, नवसाचा माणूस टेम्पोत बसत नसतो. नवस तुमचा आणि तुम्हीच असं बोलता?

पिशवीत गोळ्या टाकल्या. खाली चप्पल लपवली. दुखलं की घालतील. आता काळजी नाही.

नंतर आठवलं, यांना दुखतच नाही.

५ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळ

यांचा फोन. आवाज खणखणीत. चप्पल सापडली म्हणे, एका अनवाणी म्हातारीला देऊन टाकली, तेवढंच पुण्य तुझ्या नावावर. मग गोरक्षनं फोन घेतला. वहिनी, दादांच्या पायाला वास येतोय, बाकीचे दोन हात लांबून चालतात. चिखलाचा असेल, मी म्हटलं. चिखलाचाच असणार.

७ ऑक्टोबर, मंगळवार. दवाखाना, गेल्या वर्षीचाच

काल हे गडाच्या पायथ्याला पडले. कावड दुसऱ्यांनी वर नेली. पाण्याचं झालं, माणसाचं राहिलं.

दोन बोटं काळी पडलीत. डॉक्टर म्हणतात, शुक्रवारी ऑपरेशन करू, बोटांवर भागेल. त्यापुढे थांबलात तर घोट्यापासून. तिथंही थांबेल असं सांगत नाही. लेक स्नेहल मनमाडहून आली. पप्पा, सही करा. हे म्हणाले, आधी गड चढतो, मग करतो. अर्ध्या नवसावर पाय कापला तर तुझी आई राहील का.

आता सांगतेच. मी बोलायला लागले की कोण थांबवतं मला.

८ ऑक्टोबर, बुधवार

सांगितलं. स्नेहलला चहा आणायला पाठवलं आणि सगळं सांगितलं. नवस खोटा. देवीबिवी माझ्यात काही उरलेली नाही. आरती खोटी. उपासाची भगर खाल्ली ती फक्त आवडते म्हणून.

हे ऐकत राहिले. मग हसले. म्हणाले, मला वाचवायला स्वतःला पापात घालतेस होय गं. इतकी मोठ्यानं आरती म्हणणारी बाई. तीस वर्षं ओळखतो तुला.

नर्सला म्हणाले, बघा सिस्टर, बायको असावी तर अशी.

९ ऑक्टोबर, गुरुवार. दुपार

ताप एकशे तीन. सही नाही. सकाळी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, नवसाचे शब्द नीट आठव. वरपर्यंत चढायचं बोललीस, की पायथ्यापर्यंत? पायथा असेल तर फिटला, लगेच सही करतो. पण जिन्याखालच्या त्या देवीसमोर हात जोडून मला सांग. माझ्यासाठी बदलू नकोस. तिथं तू खोटं बोलणार नाहीस, मला माहीत आहे.

हात्तिच्या. एक खोटं तर बोलायचं होतं. या बाईनं वर्षभर दुसरं केलंय काय.

यांना व्हीलचेअरवर बसवून खाली नेलं. हात जोडले. पायथा म्हणायला तोंड उघडलं. हे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, आठवत नाही. हे म्हणाले, आठवेल, घाई नाही.

यांना वर सोडून परत खाली आलेय. फोटोसमोर बसूनच लिहितेय. बाई, तू नाहीस हे मला पक्कं माहीत आहे. तरी विचारते, कारण हे दुसऱ्या कोणाचं ऐकण्यातले नाहीत. मी नवस बोलले नव्हते, हे आपल्या दोघींनाच ठाऊक आहे. माझं पटत नाही, तू सांग. स्वप्नात जा, कानात सांग, कसंही सांग. उद्या शुक्रवार. सकाळी दहाच्या आत. डॉक्टर दहाला येतात.