सहीला याल तेव्हा

अहो,

तुम्ही ऑफिसला गेल्यावर पुन्हा डोकं उठलं. सुंठेचा लेप झाला, दृष्ट काढून झाली, नवा चष्माही झाला. आज तर शेगडीवरचं दूध समोर उतू गेलं ते दिसलंच नाही. म्हणून गिरिधरदादाला घेऊन मेडिकलच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन आले. ते ठेवून घेणार आहेत, लुगडी न्यायला तेवढी घरी आले.

डोक्यात काय आहे ते उघडल्याशिवाय सांगता येत नाही म्हणतात. उद्या सकाळी उघडतील. सही तुमचीच लागते, तेव्हा संध्याकाळीच या. वरण झालं आहे, भात तेवढा लावा. ताराला शाळेतून कौशल्याबाई आणतील.

सासूबाईंना फक्त तपासायला जाऊन राहिले म्हटलं. "काहून? लेप तर लावला आहे," म्हणाल्या.

आज दुपारीच न्हावी माझे सगळे केस काढणार आहे. मामंजी गेले तेव्हा सासूबाईंचे काढले होते, त्यामुळे हे त्यांना घरीच सांगा. देवळीतली कुंकवाची डबी घेऊन या. आणि त्यांना आत बोलवण्याआधी तुम्ही माझ्या शेजारी येऊन उभे राहा.

देवकी